न घासलेलं ताट

डीमन, १४ सप्टेंबर २०१४, रविवार

आज बोलायला माणूस मिळालं.

आमच्या मजल्यावर सगळ्या घरांना मिळून एकच लांबलचक उघडी गॅलरी आहे. शेजारच्या दारात एक म्हातारी रोज प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली असते. सावळीगर्द, ठेंगणी, डोक्यावर लोकरीची टोपी आणि टोपीबाहेर डोकावणारे पांढरे कुरळे केस. लेकीकडे आल्यापासून मी तिला नुसते हात जोडत होतो, तीही जोडत होती. आज धीर करून विचारलं, "आफ्रिका?" ती इतकी हसली की टोपी घसरली. म्हणाली, "बियाक."

निहारने, म्हणजे जावयाने, फोनवर नकाशा काढून दिला. न्यू गिनी दिसल्याबरोबर मला साताऱ्याचा भूगोलाचा वर्ग आठवला. मास्तर सांगायचे, ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर एक मोठा पक्षी बसलाय, तो न्यू गिनी. त्या पक्ष्याच्या मानेजवळ समुद्रात एक दाणा सांडलाय. तो दाणा म्हणजे बियाक. 'दाणा सांडला सागरात, पक्षी वाकून पाहतो' अशी ओळ मला तिथल्या तिथे सुचली. नीरजाला ऐकवली. ती म्हणाली, "छान आहे, बाबा," आणि खोलीत जाऊन पडली. हल्ली माझ्या लेकीचं सगळं 'छान आहे, बाबा' असतं आणि दार बंद असतं.

म्हातारीचं नाव दोर्कास. इथल्या डच लोकांचं तिकडे राज्य होतं, बासष्ट साली त्यांनी तो मुलूख सोडला. तिचा नवरा त्यांच्या नोकरीत होता, म्हणून ती त्याच्याबरोबर इकडे आली आणि परत गेली नाही. धाकटा भाऊ योसियास तिथेच राहिला. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. आता तो पहिल्यांदा इकडे येणार आहे, व्हिसा मिळाला तर. हे 'मिळाला तर' म्हणताना तिने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

आमचं दोघांचं इंग्रजी मोडकं. माझं पाटबंधारे खात्यात नकाशे गिरवणाऱ्या ट्रेसरचं, तिचं टीव्हीवरून उचललेलं. इंग्रजीत तू-तुम्ही नाही, पण आवाजावरून ती मला 'तू'च म्हणते, म्हणून इथे तसंच लिहितो. मी तिला सगळ्यांसारखं मेव्राउ म्हणतो, म्हणजे बाई.

२८ सप्टेंबर, रविवार

निहारने आम्हा दोघा म्हाताऱ्यांना गाडीत घालून लायडनला नेलं. तिथल्या वस्तुसंग्रहालयात दोर्कासच्या भागातल्या लाकडी मूर्ती आहेत. नीरजा आली नाही. गाडीचा वास सहन होत नाही म्हणाली. ही मुलगी लहानपणी एस.टी.त मागच्या सीटवर बसून दाणे खात महाबळेश्वरला जायची.

मूर्ती वीतभर उंचीच्या. डोकं मोठं, हनुवटी पुढे, गुडघ्यांवर हात. घरातलं माणूस गेलं की त्याची अशी मूर्ती करायची आणि प्रवासाला निघताना, आजारपणात तिला विचारायचं, ही तिकडची जुनी रीत. मूर्ती हातात धरायची, प्रश्न विचारायचा. हाताला कंप सुटला तर उत्तर आलं.

"आणि उत्तर खोटं निघालं तर?"

"तर शिव्या द्यायच्या," दोर्कास म्हणाली. "फारच खोटं बोलला तर फेकून द्यायचा. दुसरा करायचा."

आमच्याकडे देव पाण्यात ठेवतात, ते मी तिला सांगितलं. तिला ते फार पटलं.

मग ती काचेपाशी गेली आणि त्यांच्या भाषेत त्या लाकडी आजोबांशी जे बोलायला लागली! पहारेकरी दोनदा येऊन गेला. मी विचारलं, काय म्हणालात? म्हणाली, "मी म्हटलं, तू इथे गरम खोलीत फुकट बसलायस, तुला व्हिसाही लागला नाही. माझ्या योसचं काय ते सांग." ती रविवारी चर्चमध्ये जाते, पण म्हणाली, "चर्चमध्ये देवाला विचारते. हा घरातला आहे."

काचेवर टेकलेला तिचा हात थरथरत होता. ती वळून माझ्याकडे बघून हसली, उत्तर आलं म्हणून. तिचा हात कपबशी धरतानाही थरथरतो.

६ ऑक्टोबर, सोमवार

बिल्डिंगमधली स्वयंपाकघरं बदलताहेत. आमचं झालं, आज शेजारी सुरू. सकाळपासून ड्रिलचा असा आवाज, की दातांत कळ येते. दहाच्या सुमाराला दोर्कास दारात. हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, लेकरू धरावं तसं. कामगार जाईपर्यंत सांभाळ म्हणाली.

जुनं चिनी मातीचं ताट. तिच्या आईचं. त्यांच्याकडे लग्नात मुलाकडचे लोक मुलीकडच्यांना अशी ताटं देतात, जितकं जुनं तितका मान. पण हे लग्नासाठी नाही. लांबून कोणी पहिल्यांदा घरी आलं, किंवा फार वर्षांनी परत आलं, तर त्याचे पाय धुवायचे आणि त्याला ताटावर उभं करायचं. मग तो घरचा. योसियास आला की याच ताटावर पाय ठेवणार.

ताटावर पाय! माझ्या अंगावर काटाच आला. आमच्याकडे ताटाला चुकून पाय लागला तर हात लावून डोळ्यांना लावतात. पण मग वाटलं, आपणही परगावाहून आलेल्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकतो, पायावर पाणी घालतो, तेव्हाच आत घेतो. मी इथे आलो त्या दिवशी विमानतळावर नीरजाने मिठी मारली, "चला बाबा, पार्किंगचं मीटर पडतंय" म्हणाली, आणि मी बुटांसकट घरात. नीरजाची आई, मालिनी, असती तर म्हणाली असती, मुलगी नोकरी करते, तुमच्यावर काय तुकडे ओवाळत बसेल? ते खरंच आहे. तरी लिहून ठेवलं.

दोर्कास आणखीही पुष्कळ सांगत होती, ताटाच्या मधोमध बोट दाखवून. पण ड्रिल सुरू होतं. मी मान डोलवत राहिलो.

७ ऑक्टोबर

ताट उघडून पाहिलं. काठाला निळी वेल, मध्ये दोन मासे असावेत. असावेत म्हणतो, कारण मधोमध तपकिरी, वाळून चिकटलेला मळ. बिचारीला डोळ्यांनी धड दिसत नाही, हात थरथरतात. कसं घासणार? आणि मुलगा रूबेन हेगला, त्याला कुठली सवड.

भाऊ येणार, पाहुणा येणार, आणि ताट असं? दुपारी गरम पाण्यात सोडा घालून भिजत ठेवलं. मग लिंबू, मीठ आणि काथ्या. आईने लहानपणी चिंच लावून तांब्याची भांडी घासायला बसवलं होतं, तो हात अजून विसरलेला नाही. तासाभराने मासे असे वर आले, की जणू आत्ताच पाण्यातून निघाले. कितीतरी दिवसांनी आपण कुणाच्या उपयोगी पडलो असं वाटलं. एक कडवंही जमलं, पण मासे आणि खासे असं यमक आलं, म्हणून खोडलं.

८ ऑक्टोबर

ताट परत दिलं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये, म्हणून वर बेसनाचे लाडू. दोर्कासने ते मांडीवर घेतलं, लाडू बाजूला सारून बोटं मधोमध फिरवली. परत फिरवली.

"धुतलंस?" तिने विचारलं.

"अगदी नव्यासारखं," मी म्हणालो.

तिने लाडू पुन्हा जवळ ओढले. मग एक लाडू उचलून खाल्ला. "गोड आहे," म्हणाली, "डांक यू, नील." नीळकंठचा तिने नील केलाय. दार लावून घेतलं. आज गॅलरीत बसली नाही. हवा गार होती.

१२ ऑक्टोबर, रविवार

लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

रूबेन आईला भेटायला आला होता. गॅलरीत सिगरेट ओढताना माझ्याशी बोलत उभा राहिला. पन्नाशीचा, गोड माणूस. म्हणाला, "आईने तुमच्याकडे ते मळकं ताट दिलं होतं ना? नशीबवान आहात. आम्हाला हात लावू देत नाही. मी नऊ-दहा वर्षांचा असताना कौतुक होईल म्हणून ते धुवायला घेतलं होतं. जन्मात त्या एकदाच तिने मला मारलं."

विचारलं, का?

त्याने सांगितलं. बासष्ट साली ती निघाली त्या दिवशी तिच्या आईने योसियासला किनाऱ्यावरून धरून आणलं. चिखलाच्या पायाने त्याला ताटावर उभं केलं. म्हणाली, हा पाय घेऊन जा. तू परत येशील किंवा हा तुझ्याकडे येईल, तेव्हा याच पायावर पाय ठेवू दे. तो चिखल तसाच वाळला. दोर्कासने ते जहाजातून मांडीवर धरून आणलं. आईची पुन्हा भेट झाली नाही. "तिला आता दिसत नाही," रूबेन म्हणाला, "पण झोपायच्या आधी त्याच्यावरून हात फिरवते."

मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. आत येऊन मोरीत, म्हणजे बाथरूममध्ये, नळ सोडून उभा राहिलो.

मग वाटलं, दिसत नाही ना तिला? बोटांना काय, कधी कळतं, कधी नाही. 'धुतलंस' एवढंच म्हणाली. रागावली तर नाही.

हे मी स्वतःला सांगतोय, की मला तसंच वाटतंय, ते समजत नाही.

१३ ऑक्टोबर

निहारला सिंकखालचा वाकडा पाइप उघडायला लावला. अंगठी पडली म्हणालो. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही अंगठी घालता?" तरी बिचारा पालथा पडला, पाइप सोडवला. आतून मोहरी, भाताची शितं, कढीपत्ता आणि तळाला बोटभर तपकिरी गाळ. कोण सांगणार त्यात बियाक किती आणि डीमन किती! मी तो चमच्याने काढून घेतला. बंद होईल अशी दुसरी डबी हाताशी नव्हती, म्हणून हिंगाच्या रिकाम्या डबीत भरला.

तेवढ्यात नीरजा ऑफिसातून आली. तो वास नाकात गेला मात्र, तोंडावर हात धरून बाथरूमकडे पळाली. निहार पाइप तसाच टाकून तिच्या मागे. ओकल्याचा आवाज येत होता. मग त्याचं पुटपुटणं, "नाही ना? बघ नीट, नाही ना?" आणि तिचं, "नाहीये. काही नाहीये."

काय नाहीये? मी डबी हातात धरून उभा होतो. मला तिने विचारलंही नाही, की बाबा, हे काय आरंभलंय.

२३ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

नीरजाने फराळाला हात लावला नाही. कोरडी बिस्किटं खाते. कॉफी सोडली. मी चिवड्याची फोडणी केली तर गॅलरीत जाऊन थंडीत उभी राहिली. दोर्कासने तिला हाताला धरून आपल्या खुर्चीत बसवलं आणि आतून वाटीभर कसलंसं पांढरं पातळ सूप आणून दिलं. ते मात्र लेकीने बसून संपवलं. परकीच्या हातचं!

पूजेनंतर मी पाणी प्यायला उठलो तेव्हा खोलीत नीरजा-निहार बोलत होते. "आत्ता नको सांगूस बाबांना. मागच्या वेळी आईला सांगितलं आणि मग..." पुढे ऐकू आलं नाही.

मागच्या वेळी म्हणजे गेल्या वर्षी. तेव्हा ती महिनाभर ऑफिसला गेली नव्हती. मालिनी फोन ठेवून देवापाशी जाऊन बसायची. मी विचारलं तर म्हणाली, "बायकांचं दुखणं आहे, तुम्ही तुमच्या कविता म्हणा." मी म्हटल्या. मग मालिनीच गेली, आणि विचारायचं राहून गेलं.

तेच दुखणं उलटलंय का? किती वाईट असेल, की बापाला सांगायचं नाही? ऑफिसच्या बॅगेतून ती दर थोड्या दिवसांनी हॉस्पिटलची फाइल नेते, मी पाहिलीय. दुसऱ्याचे कागद उघडू नयेत म्हणून बघितली नाही, आणि ती डच भाषेत असणार. हे दुसरं कारण खरं आहे.

२५ ऑक्टोबर, भाऊबीज

योसियासचा व्हिसा आला! दोर्कास गॅलरीत उभी राहून ओरडली. समोरच्या घरातला डच म्हातारा खिडकी उघडून बघायला लागला. मी तिला सांगितलं, आज आमच्याकडे बहीण भावाला पाटावर बसवून ओवाळते. ती म्हणाली, "तुम्ही पाटावर बसवता, आम्ही ताटावर उभं करतो. तुमचा भाऊ दमलेला दिसतो."

हसलो. मग पुन्हा ताट आठवलं. जकार्ताच्या व्हिसा-कचेरीने हो म्हणेपर्यंत मला एक आडोसा होता. तो नाहीच आला तर ताटाचं कोणाला कळणार? असं माझ्या मनात येऊन गेलं. बहात्तर वर्षांच्या माणसाच्या मनात, दिवाळीत.

डबी खिशात घेऊन हिंडतो. ट्राममध्ये शेजारचे लोक उठून दुसरीकडे बसतात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

योसियास आला नाही. रूबेन आणि दोर्कास विमानतळावर गेले होते. शेवटचा प्रवासी बाहेर आला, सफाईवाले आले, हा नाही. दोर्कास घरी येऊन कोटासकट खुर्चीत बसली. टोपीही काढली नाही. मी समोर बसलो. रूबेन फोन लावत होता.

"लायडनचा तो आजोबा खोटारडा आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी फोन लागला. जकार्ताला दुसरं विमान चुकलं. पिशवीतल्या सुक्या माशांवरून अधिकाऱ्यांशी वाद घालत बसला होता. उद्या रात्री निघतो, परवा दुपारी पोचतो. ती कोट न काढता तशीच झोपली, असं रूबेन सांगत होता.

एकदा मनाशी ठरवलं, आत्ता सांगावं. मग वाटलं, आज नको. रोज 'आज नको' म्हणायला काहीतरी मिळतंच. दिवसभरात नीरजाने मला तीनदा हाक मारली आणि तीनदा म्हणाली, "काही नाही, बाबा." या घरात दोन माणसं एकाच दाराच्या दोन बाजूंना उभी आहेत असं वाटतं. कडी कुणी काढायची?

१६ नोव्हेंबर, रविवार

आज सगळं लिहायचं. हात गार पडलेत, तरी.

दोर्कासच्या घरात पंचवीसएक माणसं. हेगहून, डेल्फ्टहून, कुठून कुठून आलेली, सगळी तिकडची. बायका मोठमोठ्या पातेल्यांतून मासे आणि कंद घेऊन आलेल्या. सूटबूट घातलेला एक जण ढोल घेऊन. आम्हा तिघांनाही बोलावणं. नीरजा येणार नाही असं मला वाटलं होतं, पण आली, साडी नेसून.

ताट दारात टॉवेलवर ठेवलेलं. मासे लखलखत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. लोक येत होते, ताटाकडे बघून मान हलवत होते. त्यांना माहीत असणार. काहीच माहीत नाही असंही असेल. रूबेन मात्र थबकला, वाकला आणि त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. मग राहवेना. दोर्कासपाशी जाऊन गुडघ्यावर बसलो आणि डबी तिच्या हातात दिली.

"मेव्राउ, ते मी घासलं. मला माहीत नव्हतं. पाइपातून जेवढा निघाला तेवढा आणलाय."

तिने झाकण उघडलं. वास आला आणि शेजारची बाई मागे सरली. दोर्कासने डबी नाकाशी नेली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "माझ्या गावाला असा वास कधीच नव्हता."

"मला माफ करा."

"नील, त्याच दिवशी माझ्या बोटांना कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"लाडू घेऊन आलेल्या माणसाला काय बोलायचं? तू दारात असा उभा होतास, शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरासारखा. दार लावून मी रडले. मग दुसरा लाडू खाल्ला."

तेवढ्यात गॅलरीत कोलाहल झाला. रूबेन गाडी लावून आलेल्या भाच्याकडून पिशव्या घेत होता आणि मागून एक लहानसा म्हातारा चालत आला. अंगात कोणाचा तरी दुप्पट मापाचा कोट, डोक्याला रंगीत टोपी. दोर्कास उठली, पण पुढे गेली नाही. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हताच. ती खाली बघत होती. तो खुर्चीत बसला, बूट काढले, दोन मोजे काढले, त्याखालचे आणखी दोन काढले. सगळे हसले. दोर्कासने त्याचे पाय कोमट पाण्यात घेतले आणि अंगठा चाचपला. कधीतरी शिंपल्याने कापलेला होता म्हणे, खूण होती. ती सापडली तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला लिहिता येत नाही.

मग गाणं. एक बाई ओळ उचलते, अर्ध्यात सोडते, बाकीचे ती पुढे नेतात. आमच्या वर्गात मास्तर निम्मी ओळ म्हणायचे आणि आम्ही चाळीस पोरं उरलेली, छपराचे पत्रे वाजेपर्यंत. अर्थ कुठे कळायचा? आजही कळला नाही. डोळे मात्र भरून आले, तेव्हा यायचे नाहीत.

योसियासने पाय उचलला आणि ताटावर ठेवण्याआधी थांबला. ताटाकडे बघून काहीतरी बोलला. दोर्कासने उत्तर दिलं, माझ्याकडे बोट दाखवून. खोलीतलं एकूण एक माणूस माझ्याकडे वळलं. मी संपलो असं वाटलं.

योसियास मोठ्याने हसला. रूबेनने मला सांगितलं, "मामा म्हणतोय, पन्नास वर्षं हिने ताट घासलं नाही? आई असती तर हिला झोडपलं असतं. बरं झालं, या माणसाने घरची अब्रू राखली."

आणि त्याने ओला पाय ठेवला. म्हाताऱ्याचा, रुंद, बोटं फाकलेला. दोर्कास खाली बसून त्याच्यावरून हात फिरवत होती.

जेवणं झाल्यावर मी निघायला उठलो, तर दोर्कासने ताट पुसून परत दारात मांडलं आणि नीरजाला हाक मारली. पाय धुवायला लागली तिचे. मी मध्ये पडलो. म्हटलं, "मेव्राउ, ती नवी नाही. नऊ वर्षं झाली तिला इथे. नवा आलेला मी आहे."

"तुझं तुला नंतर. हे तिच्यासाठी नाही."

"मग कोणासाठी?"

निहार खाली बघत होता. नीरजा एका पायावर उभी, दुसरा ताटावर, साडी पोटाशी धरलेली. म्हणाली, "बाबा, मे महिन्यात. नीट झालं तर."

मी म्हणालो, "तुझ्या आईला माहीत होतं?"

"मागच्या वेळचं माहीत होतं. ते राहिलं नाही. म्हणून या वेळी कोणालाच..." आणि रडायला लागली. या शेजारणीला तिने सांगितलं नव्हतं. दोर्कासला सूप देतानाच कळलं होतं.

मला कोरडी बिस्किटं, कॉफी, फोडणी, फाइल, सगळं एकदम दिसलं. घासल्यावर मासे वर यावेत तसं. मी दुखणं दुखणं म्हणत बसलो होतो. माझ्या तोंडून एकच निघालं, "पडशील, माझा हात धर." तिने धरला.

३० नोव्हेंबर, रविवार

परवा माझं विमान. व्हिसा संपतो. मेमध्ये परत यायचं, निहारने आतापासून कागद काढायला घेतलेत. डिंक, खारीक, अळीव यांची यादी मनात घोळते आहे. मनातच आहे, कारण नीरजा म्हणते अजून काही ठरवायचं नाही, काही आणायचं नाही. दर हॉस्पिटलच्या दिवशी आम्ही तिघंही एकमेकांशी फार गोड बोलतो.

दोर्कासने काल ताट आमच्या घरी आणून दिलं. योसियास आणि ती, दोघांनी दोन बाजूंनी धरून. म्हणाली, "मूल आलं की त्याचा पाय यावर. मग माझं ताट मला परत." मी म्हटलं, तोवर तुम्ही कशावर हात फिरवाल? तिने योसियासच्या पाठीत धपका घातला.

ताटाच्या मधोमध नीरजाच्या ओल्या पायाला लागलेली गॅलरीतली धूळ वाळली आहे. टाच नीट उमटलीय, बोटं जेमतेम. भांडं रिकामं परत देऊ नये, हे दोर्कासला मी कधी सांगितलं होतं, आठवत नाही. लाडू दिले तेव्हा तिनेच ओळखलं असेल.

ताट मी कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवलं. नंतर वाटलं, घसरेल. मग खालच्या खणात. मग वाटलं, तिथे निहार डब्यांसाठी हात घालतो. आता ते माझ्या पलंगाखाली, सुटकेसच्या जागी. मी गेल्यावर तिथेच राहील असं दोघांकडून कबूल करून घेतलं. आज दुपारी निहार डिशवॉशर भरत होता, तर मी दारात जाऊन उभा राहिलो. तो वळला.

"बाबा, ताट यात नाहीये."

"मला माहीत आहे," मी म्हणालो, आणि मशीन सुरू होईपर्यंत उभा राहिलो.